कारवीच्या काटकीवरचं नाव

सुजाता,

तुझ्या कॉलेजात पायऱ्यांपाशी तुझा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, 'विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ'. मी तिथंच हसले. शेजारी प्राची उभी होती. तुझी विद्यार्थिनी, आता तुझ्याच विभागात शिकवणारी. तीही हसली, आणि मग दोघींना रडू आवरेना. विद्यार्थिप्रिय म्हण एक वेळ. पण मनमिळाऊ? अगं, तुझ्याशी मन मिळवता मिळवता माझी अर्धी हयात गेली!

तुझ्या पदव्या, तुझी नोकरी, तुझी पदं, सगळं त्या फोटोखाली आहे. मला जे सांगायचंय ते तिथं मावलं नसतं. म्हणून तुलाच सांगते. तुला माहीत असलेलंच सांगते. मध्येच 'असं नव्हतं ते' म्हणावंसं वाटेल तुला. म्हण. तुझी मला सवय आहे.

आपली गाठ घाटकोपरच्या त्याच कॉलेजात पडली. मी अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. दारं, खिडक्या, जिने, संडास. दिवसभर सरळ रेघा ओढून हात लाकडासारखा झाला होता, म्हणून तुझ्या वनस्पतिशास्त्राच्या विभागानं बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या मायक्रोस्कोपच्या वर्गाला आले. तू आंब्याची एक वाळकी काटकी भिंगाखाली ठेवलीस आणि म्हणालीस, "दिसेल ते काढा." मी डोळा लावला. नुसत्या डोळ्यांना जे राखाडी ठिपके दिसत होते, त्या केशरी रंगाच्या वाट्या होत्या. मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि प्रत्येकीच्या काठाला पांढऱ्या पापण्या. मी मन लावून एक वाटी काढली. गोल, नितळ, सुंदर.

तू माझ्या खांद्यावरून पाहिलंस. "ही कुठून आणलीस?"

"या काटकीवरची आहे."

"या काटकीवर एकही वाटी इतकी गोल नाहीये. ही तू ऑफिसातून आणलीस." मग पेन्सिलीच्या टोकानं दाखवत गेलीस. "ही बघ, ही फाटलीय. हिला कडेनं कुणीतरी खाल्लंय. ही अजून उघडलीच नाही. तू या सगळ्यांची सरासरी काढलीस. सरासरी नावाची बुरशी नसते."

चार लोकांसमोर. मला इतका राग आला की मी वही मिटवली. आणि तू शांतपणे विचारलंस, "पण रेघ छान आहे तुझी. रविवारी मोकळी असतेस का?"

नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही, हे माझं नशीब.

मग आपले रविवार सुरू झाले. तू मुलुंडची, मी बोरिवलीची, आणि मध्ये ते सगळं जंगल. वनखात्याच्या परवानगीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून तू गळ्यात अडकवायचीस, शाळेच्या मुलीच्या ओळखपत्रासारखा. कुणी पक्षी बघायला आलेले असायचे, कुणी फुलपाखरांच्या मागे. तू मात्र वाटेच्या कडेला गुडघे टेकून पाचोळ्यात नाक खुपसून बसायचीस. जिवंत झाडाकडे तू ढुंकून बघत नसायचीस. "त्यांच्याकडे बघायला सगळं जग आहे," म्हणायचीस. "मेलेल्या पानाकडे कोण बघतं?" एकदा सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "काय हरवलं बेटा?" तू वर न बघता म्हणालीस, "हरवलं नाही आजोबा, सापडलंय." तेही मग गुडघे धरून खाली वाकले, आणि तू त्यांना सागाच्या सडक्या पानाच्या शिरेवर रांगेनं उभ्या असलेल्या टाचणीएवढ्या पांढऱ्या छत्र्या दाखवल्यास. ते बराच वेळ उठले नाहीत. त्यांना उठवायला आपल्याला हात द्यावा लागला.

तुझ्याकडून मी शिकले की ओळखणं म्हणजे नाव घेणं नव्हे. नावं नाकारत जाणं. ब्लेडनं काटकीवरच्या ठिपक्याचा केसाएवढा काप काढायचा, पाण्याच्या थेंबात ठेवायचा, आणि बुरशीच्या बिया, म्हणजे बीजाणू, कसे आहेत, किती लांब, मध्ये पडदा आहे की नाही, हे बघत 'हे नाही, हेही नाही' करत पुढं जायचं. शेवटी काही उरलं तर ते. बहुतेक वेळा काहीच उरायचं नाही. तुझ्या कपाटातल्या निम्म्या पाकिटांवर 'माहीत नाही' असं लिहिलेलं आहे, तारखेसकट, सहीसकट. माहीत नाही याच्याखाली सही करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आणि आपली भांडणं! दगडफुलावरून झालेलं तर अजून मिटलेलं नाही. तुझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तुझ्या आईनं काळ्या मसाल्याची तयारी मांडली होती. यशोदाबाई. अकोल्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन मुंबईत आलेल्या, तुझे वडील रेल्वेत फिटर होते तेव्हा कुर्ल्याला राहिलेल्या, आणि इतकी वर्षं इथं काढूनही बोली तसूभर न बदललेल्या. त्यांच्या ताटातलं निम्मं दगडफूल तू भिंगाखाली घेऊन बसली होतीस.

"मसाल्यात काय टाकू मी आता, तुहं डोकं?" त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या.

मी सहज म्हटलं की शेवाळ आणि बुरशी एकत्र नांदतात, त्याचं दगडफूल होतं, किती छान संसार आहे हा. तू उसळलीस. "संसार कसला? शेती आहे ती. बुरशीनं शेवाळाला घरात डांबून ठेवलंय आणि त्याचं साखरेचं पीक खातेय."

"तू लग्न केलं नाहीस ना, म्हणून तुला शेती दिसते."

"तू केलंस म्हणून तुला काय दिसायचं राहिलं ते सांग."

आईंनी आतून विचारलं, "कोनाचं लगन?" आपण दोघी हसून हसून लोळलो. त्या दिवशीची आमटी मात्र अगदीच मिळमिळीत झाली होती. सुजा, अजूनही मी संसारच म्हणते. आता उलट उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणून मी जिंकले असं मात्र समजत नाही.

मग ती कारवी फुलली.

कारवीचं झुडूप सात-आठ वर्षं नुसती पानं मिरवतं. मग एका पावसाळ्यात सगळं रान एकदम जांभळं होतं. बिया धरल्या की ती सगळीच्या सगळी वाळून मरते. त्या वर्षी अर्धी मुंबई फुलं बघायला लोटली. मीही तुला ओढत होते. तू म्हणालीस, "फुलू दे निवांत. आपलं काम पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी उतारच्या उतार वाळक्या काठ्यांचे झाले. उन्हाळ्यात बोंडं तडतड फुटत होती, लाह्या फुटाव्यात तशी. आणि पावसानं त्या काठ्या भिजून काळ्या पडल्यावर आपण तिथं पोचलो. बघायला आपल्याशिवाय कुणी नव्हतं. आडव्या पडलेल्या एका काठीवर तुला काळे ठिपके दिसले. भिंगाखाली ते ठिपके म्हणजे काळ्या केसांचे झुपके निघाले. साळिंदराची पिल्लं अंग फुगवून बसावीत तसे. तू कितीतरी महिने नावं नाकारत गेलीस. सगळी पुस्तकं संपली, सगळे जुने पेपर संपले, बाहेरच्या तज्ज्ञांची मतं आली. काहीच उरलं नाही. म्हणजे ही बुरशी आजवर कुणीही नोंदवलेली नव्हती.

मी तिचं चित्र काढलं. तू ते सहा-सात वेळा तरी परत पाठवलंस. "हा केस टोकाला वाकडा आहे, तू सरळ केलास." शेवटी एकदा काहीच बोलली नाहीस, नुसतं फाइलमध्ये ठेवलंस. तुझ्या भाषेत ती टाळी होती.

आणि नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तू आईचं नाव दिलंस. यशोदा. लॅटिनचं शेपूट लावून, रीतसर, कायमचं.

तुझ्या मुलुंडच्या घरात तू त्यांना ते सांगितलंस तेव्हा मी तिथंच होते. त्या मेथी निवडत होत्या. "बुरशीले माह्यं नाव?" त्यांचा हात थांबला. "लोनच्यावर येते ते?"

"ती नाही गं. कारवीच्या वाळक्या काठीवर येते, आपल्या जंगलात. जगात कुणाला माहीत नव्हती."

"मंग चांगलं एखादं फूल नाही सापडलं तुले? माय म्हनून बुरशी देतं?" पण संध्याकाळपर्यंत त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या घरांत सांगून टाकलं होतं. लिफ्टमध्ये एका बाईंनी मला विचारलं, "यशोदाकाकूंच्या नावाचा काहीतरी शोध लागलाय म्हणे?" मी अभिमानानं हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलं होतं, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते हेच.

साधारण वर्षाभरानं एका रविवारी तू आलीच नाहीस. फोन केला तर म्हणालीस, "मेधा, घरी ये." मी आले. तू जुन्या पाकिटातली कारवीची एक काटकी भिंगाखाली ठेवून बसली होतीस. "बघ." काळ्या झुपक्याच्या अगदी बाजूला एक फिकट, सुकून चुरमुरलेली इवलीशी वाटी होती.

"मग?"

मग तू समजावलंस. पुष्कळ बुरशांना दोन रूपं असतात. एका रूपात ती नुसती स्वतःची नक्कल सोडत राहते, दुसऱ्यात नर-मादी मिळून बीजाणू होतात. दोन्ही रूपं इतकी वेगळी दिसतात की जुन्या लोकांनी एकाच बुरशीला दोन नावं देऊन ठेवलीत. ही फिकट वाटी एक माहीत असलेली जात होती, घाटातल्या दुसऱ्या कुठल्याशा झुडपावर फार पूर्वी नोंदवलेली. "जर ही वाटी आणि माझा झुपका एकच असतील," तू म्हणालीस, "तर माझी बुरशी नवीन नाही. नुसतं दुसऱ्या अंगानं बघितलंय मी तिला."

"जर."

"हो, जर. वाटीतला एक बीजाणू जिवंत उगवला आणि त्यातून झुपका आला, तर ठरलं. हे सुकून मेलंय. उगवत नाहीये. ताजी मेलेली कारवी पाहिजे."

ताजी मेलेली कारवी म्हणजे पुन्हा फुलण्यापर्यंत थांबणं. मी हिशेब केला आणि म्हटलं, "सुजा, एवढी वर्षं! तोवर राहू दे ना. खोटं काही बोललेली नाहीस तू. आणि एका सुकलेल्या वाटीवरून कोण बघतंय?"

तू माझ्याकडे इतकं सरळ पाहिलंस. "मी बघतेय ना."

तू लगेच एक टिपण लिहून छापायला दिलंस, की या नावाबद्दल शंका आहे, खात्री होईपर्यंत जपून वापरा. कुणी मागितलेलं नव्हतं. तुझ्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ माणसानं तुला फोन करून म्हटलं होतं, "मॅडम, स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा का पाडून घेता?" तू मला सांगताना हसलीस. म्हणालीस, "धोंडा कुठं, काटकी आहे."

आणि मग तू थांबलीस. हे थांबणं लोकांना दिसलं नाही. तू शिकवत राहिलीस, मुलांना पाचोळ्यात बसवत राहिलीस, दुसऱ्या कितीतरी बुरशा ओळखल्यास. पण दर पावसाळ्यात त्या उतारावर जाऊन नवी कारवी गुडघ्याला लागते की कमरेला, हे बघून यायचीस. मूल वाढतंय की नाही हे दाराच्या चौकटीला लावून बघतात तशी. मी कधी विषय काढला तर म्हणायचीस, "येईल गं. तिला घाई नाही, मला कुठं आहे?"

घाई होती, सुजा. आपल्याला माहीत नव्हतं.

कारवी पुन्हा फुलली तेव्हा तू तिथं होतीस. त्या वेळी पहिल्यांदा तू फुलांकडे बघत उभी राहिलेली मी पाहिली. आणि बोंडं धरली तोवर तुझा आजार कळला. त्या महिन्यांबद्दल मी इथं लिहिणार नाही. तुलाही आवडायचं नाही. एवढंच लिहिते की पाऊस आला, उतारावरची कारवी मरून भिजली, आणि तुला घराबाहेर पडणंही जमत नव्हतं.

प्राची आणि मी गेलो. परवानगीचा कागद या वेळी प्राचीच्या गळ्यात होता. तू फोनवर होतीस. "उभ्या काठ्या नकोत. आडव्या. दगडाला टेकलेल्या. अगं, त्या नाही, सावलीतल्या!" तुला काहीही दिसत नव्हतं तरी तू आमच्यावर ओरडत होतीस, आणि दर वेळी तुझंच बरोबर निघत होतं. रेंज गेली की आम्ही दोघी अनाथ झाल्यासारख्या उभ्या राहायचो.

काटक्या घेऊन तुझ्या घरी आलो. आईंनी तुला खिडकीपाशी तक्क्याला टेकवून बसवलं होतं, समोर स्टुलावर मायक्रोस्कोप. तू एकेक काटकी फिरवत गेलीस. मध्येच डोळे मिटून दम घ्यायचीस. आई चहा घेऊन आल्या, चहावर साय धरली, त्यांनी तो परत नेला. आणि मग तू हात वर केलास. आम्ही पाहिलं. काळा झुपका, आणि त्याला अगदी चिकटून वाटी. ताजी, ओली, मोत्याच्या रंगाची, एका कडेला किंचित फाटलेली.

"काढ हिला," तू मला म्हणालीस. "फाटलेली काढ."

त्या वाटीतला एकेक बीजाणू वेगळा करून प्राचीनं कॉलेजच्या लॅबमध्ये पेट्री डिशमध्ये लावला. आता तो उगवून काय दाखवतो एवढंच बघायचं होतं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. खरं सांगू? मला तो झुपका यायला नको होता. मला तुझ्या आईचं नाव टिकायला हवं होतं. एवढ्या दुखण्यात तुझ्या हातातून हेही जाऊ नये, असं वाटत होतं. हे तुला मी बोलले नाही. तुला कळलं असणार.

प्राची डिश घेऊन आली ती दुपारची वेळ होती. खालून तिनं फोन केला नाही, लिफ्टची वाट न बघता जिना चढून थेट आत आली, आणि झाकण काढून डिश तुझ्यासमोर धरली. पांढऱ्या मऊ थरावर काळे केस उगवलेले. तुझी साळिंदराची पिल्लं. वाटीच्या बीजाणूमधून.

तू ओरडलीस, "गेलं! मेधा, गेलं गं माझं!"

आई आतून धावत आल्या. त्यांना वाटलं काहीतरी झालं. येऊन बघतात तर तू टाळ्या वाजवत होतीस. अंगात जोर नव्हता, आवाज होत नव्हता, पण टाळ्या होत्या. तुझा तो चेहरा! नवी जात सापडली होती तेव्हाही तू अशी फुलली नव्हतीस. मी रडायच्या तयारीत आले होते आणि तू माझ्यासमोर दिवाळी करत बसलीस. "एकच आहे," तू परत परत म्हणत होतीस. "एकच आहे ही. इतकी वर्षं अर्धीच बघत होते मी."

मग आईंचा हात धरून तू त्यांना सांगितलंस. "आई, ती बुरशी नवीन नव्हती. तिला आधीच नाव होतं. तुझं नाव मला काढावं लागणार."

"म्हंजे माह्यं नाव गेलं?"

"मुख्य नाव म्हणून गेलं. खाली बारीक अक्षरात राहील, की एकदा असंही म्हणत होते."

प्राची जमिनीकडे बघत होती, मी खिडकीबाहेर. मग आईंनी विचारलं, "ज्याचं पयलं होतं त्याले देलं ना वापस?"

"हो."

"मंग बरं झालं. दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी कायले?"

तू त्यांच्या कुशीत डोकं घातलंस. रडलीस तू तेव्हाच, फक्त तेव्हाच. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत राहिले. मला तेव्हा नक्की काय वाटत होतं याला आज शब्द सापडतोय. मला अभिमान वाटत होता. तुम्हा दोघींचा. अशा घरात मला जेवायला वाढलं जातं, याचा.

नंतर मी विचारलं, "माझं जुनं चित्र? ते आता चुकीच्या नावाखाली छापलेलं राहणार."

"चित्राला काय झालंय?" तू म्हणालीस. "नाव चुकलं. चित्र खरं आहे. चित्र तसंच वापरायचं, शेजारी वाटी काढून."

पेपर तू तोंडानं सांगितलास, प्राचीनं लिहिला. पहिल्याच वाक्यावर भांडण. तिनं लिहिलं होतं, 'नव्या पुराव्यामुळे पूर्वीच्या निष्कर्षात बदल करावा लागत आहे.' तू म्हणालीस, "एवढं गोल गोल कशाला? आधीचं नाव मी दिलं होतं आणि ती माझी चूक होती, असं लिही."

मी मध्ये पडले. "चूक नव्हती ती. तेव्हा ताजी वाटी मिळालेलीच नव्हती. अपुरं होतं असं म्हण."

"अपुरं म्हणजे काय? नाव चुकलं की नाही?"

"चुकलं, पण..."

"मग चूक म्हण. चुकीला चूक म्हटलं की पुढच्या माणसाला रस्ता मोकळा होतो. अपुरं म्हटलं की तो तिथं घुटमळत बसतो."

शेवटी छापून आलं तुझंच वाक्य. मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, सुजा. जे त्या दिवशी दिसणंच शक्य नव्हतं ते न दिसणं ही चूक नसते. आणि जिला ते पुढं दिसलं ती बाई आधीचं नाव देणारीच होती, हे कुठल्याही पेपरात लिहीत नाहीत. ते मी इथं लिहिते. जगात स्वतःचं नाव कोरायला सगळेच धडपडतात. तू आपल्या आईचं कोरलेलं नाव आपल्या हातानं उतरवलंस, त्यासाठी पाच-सहा वर्षं उन्हापावसात थांबलीस, आणि उतरवताना टाळ्या वाजवल्यास. मी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. इतकं भक्कम बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

पेपर छापून आला तेव्हा तू गेलेली होतीस.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. अकोल्याहून तुझे मामा, मावश्या आल्या होत्या. बुद्धवंदना झाली. लोक बोलले, तुझ्या शिकवण्याबद्दल, तू कुणाकुणाला मार्गाला लावलंस त्याबद्दल. मला बोलायला सांगितलं तर मला दोन वाक्यांपुढं जाता आलं नाही. म्हणून हे लिहिणं.

परवा पेपरची प्रत घेऊन मी मुलुंडला गेले. आईंना म्हटलं, "हे सुजाताचं. शेवटचं."

त्यांनी हात लावून बघितलं, पान उलटलं. माझं चित्र आलं तिथं बोट ठेवलं. मग प्रत बाजूला ठेवली. "इंग्रजी हाय. वाचून काय करू मी? मले ते दाखव."

"काय दाखवू?"

"तेच. जे ती पाहे. मी कधी पाह्यलंच नाही. ती बोलवे, मी म्हनो कुकर लावलाय."

तुझा मायक्रोस्कोप खिडकीपाशी झाकून ठेवलेला होता. मी कापड काढलं. दिवा लावला. कारवीची एक काटकी लावली, काळा झुपका आणि त्याच्या शेजारची वाटी बरोबर मध्ये येईपर्यंत फिरवली. खुर्चीवर उशी ठेवून त्यांना बसवलं, चष्मा काढायला लावला. "आई, डोळा इथं टेकवा. हे चाक हळूच फिरवा. दिसलं की थांबा."

त्यांनी फिरवलं. थांबल्या. पदर खांद्यावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही.

खाली भाजीवाला ओरडून गेला. बेल वाजली, शेजारच्या बाई डोकावून गेल्या, त्यांना मीच खुणेनं परत पाठवलं. मला वाटलं आईंची मान अवघडली असेल. "आई, दमाल. जरा टेकता का?"

"थांब नं. पाहू दे."

मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "याच्यासाठीच जाये ती दर रविवारी?"

"हो आई."

"बरोबर जाये," त्या म्हणाल्या, आणि पाहत राहिल्या.